टेक्सासमध्ये पिस्तूल बाळगायचं असेल तर : परवान्याची वाट, पायरीपायरीने

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून, वयाची २१ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने शस्त्रबंदी नसलेल्या माणसाला पिस्तूल कमरेला लावून हिंडायला परवाना लागत नाही. डॅलसला किंवा ह्यूस्टनला नव्याने आलेल्या मराठी माणसाच्या कानावर ही बातमी लवकरच जाते, बहुधा ऑफिसातल्या एखाद्या उत्साही सहकाऱ्याकडून. ‘इथे काही लागत नाही रे, दुकानात जा आणि घेऊन ये.’ सांगता सांगता ‘कायद्याने शस्त्रबंदी नसलेल्या’ हे शब्द गळून पडतात. आणि आपल्यातले व्हिसावर असलेले लोक नेमके त्याच शब्दांत अडकतात.

पिस्तूल घ्यावं की नाही, हा वाद इथे घालायचा नाही. ज्यांचं घ्यायचं ठरलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं म्हणणं एवढंच की लागत नसला तरी परवाना काढा, आणि तो काढण्याआधी आपल्याला पिस्तुलाला हात लावायची तरी मुभा आहे का ते तपासा. क्रम असाच ठेवा. उलट्या क्रमाने गेलेल्यांना वकिलाची फी भरावी लागते.

परवान्याचं नाव लायसन्स टू कॅरी, बोलताना एलटीसी. जुने लोक अजून सीएचएल (कन्सील्ड हँडगन लायसन्स) म्हणतात, कारण १९९५ साली कायदा झाला आणि १९९६ पासून परवाने मिळू लागले तेव्हा तो फक्त लपवून बाळगण्याचा परवाना होता. २०१६ पासून परवानाधारकाला पिस्तूल उघडपणेही लावता येऊ लागलं आणि नाव बदललं. परवाना देणारं खातं म्हणजे डीपीएस, राज्याचं सार्वजनिक सुरक्षा खातं. ड्रायव्हिंग लायसन्सही तेच देतं.

भारतातून आलेल्याला यात एक गोष्ट चमत्कारिक वाटते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली पोलीस आयुक्त नाहीतर जिल्हाधिकारी यांच्यापुढे जिवाला धोका असल्याचं पटवून द्यावं लागतं, आणि पटलं नाही तर फाइल तिथेच बसते. टेक्सासमध्ये कारण विचारतच नाहीत. अटी पुऱ्या केल्यात की परवाना द्यावाच लागतो, साहेबाच्या मर्जीचा प्रश्न नाही. पूर्वी न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया अशा काही राज्यांत मर्जीचा कारभार होता. २३ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची ‘सबळ कारण दाखवा’ ही अट घटनाबाह्य ठरवली आणि तो कारभार सगळीकडेच मोडीत निघाला.

आधी इमिग्रेशन स्टेटस बघा

राज्याचा कायदा कितीही मोकळाढाकळा असला तरी वर संघराज्याचा कायदा आहे, आणि तो व्हिसावरच्या माणसाला सरळ मनाई करतो. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ हे सगळे बिगर-स्थलांतरित व्हिसा. अशा माणसाच्या ताब्यात बंदूक किंवा एखादं काडतूस जरी असलं तरी गुन्हा, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची कमाल शिक्षा १५ वर्षं. ‘ताब्यात’ म्हणजे नावावर असणं नव्हे. मित्राचं पिस्तूल नेमबाजीच्या रेंजवर हातात घेऊन चार गोळ्या झाडल्या तरी ते ताब्यात असणंच. म्हणून बऱ्याच रेंजवर दारातच स्टेटस विचारतात. तिथे लाजून किंवा घाईत भलत्या चौकटीत खूण करू नका.

याला अपवाद आहे, आणि तोच सगळीकडे फिरत असतो: वैध शिकारीचा परवाना हाती असेल तर ही बंदी लागू होत नाही. गोष्ट खरी आहे. टेक्सासमध्ये हा परवाना ऑनलाइन थोड्या पैशात मिळतोही. पण नेहमीचा वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो. त्या तारखेला तुम्ही पुण्यात लग्नाला गेला असाल आणि पिस्तूल डॅलसच्या कपाटात असेल, तर १ सप्टेंबरला सकाळी तुमच्या हातून गुन्हा घडलेला असतो, तोही झोपेत. शिवाय शिकारीचा कागद दाखवून शहरात कमरेला पिस्तूल लावणाऱ्या एच-१बीवाल्याकडे कुठलाही इमिग्रेशन अधिकारी कौतुकाने बघणार नाही. ज्यांना हा रस्ता धरायचाच आहे त्यांनी इमिग्रेशन वकिलाकडून लेखी सल्ला घ्यावा. मला विचाराल तर ग्रीनकार्ड येईपर्यंत थांबा. आपल्या लोकांच्या बाबतीत ते थांबणं किती लांबतं हे ठाऊक असूनही सांगतो.

ग्रीनकार्ड असेल तर रस्ता खुला. तुम्ही विकत घेऊ शकता, बाळगू शकता, परवाना काढू शकता. फक्त एक फरक मनात पक्का ठेवा. नागरिकाच्या हातून शस्त्राबाबत छोटा गुन्हा घडला तर त्याला दंड, फार तर थोडी कैद. ग्रीनकार्डवाल्याला शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं तर त्याच्यावर देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते, आणि त्यासाठी गुन्हा मोठाच असावा लागतो असं नाही. खाली ठिकठिकाणी ‘इथे नेऊ नका’ असं म्हटलंय ते या नजरेने वाचा.

मग परवाना कशासाठी?

परवाना नसताना बाळगता येत असेल तर ४० डॉलर शुल्क आणि कोर्सपायी एक शनिवार कशाला घालवायचा, हा प्रश्न रास्त आहे. शुल्क पूर्वी १४० डॉलर होतं, २०१७ मध्ये कमी केलं. याची तीन-चार उत्तरं आहेत, पण माझ्या दृष्टीने पहिलंच पुरेसं आहे.

ते उत्तर म्हणजे शाळा. संघराज्याचा १९९० सालचा कायदा सांगतो की बारावीपर्यंतच्या कुठल्याही शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत शस्त्र जवळ ठेवता येत नाही. खासगी जागा वगळलेली आहे आणि कुलूपबंद पेटीत रिकामं करून ठेवलेलं चालतं. पण रस्त्यावरून जाताना, गाडीत भरलेलं पिस्तूल असताना, तुम्ही त्या हद्दीत असता. फ्रिस्को, प्लेनो, आयर्विंग, केटी, शुगरलँड ही आपल्या लोकांची वस्ती, आणि तिथे सगळे येतात तेच मुळी शाळा बघून. एक वर्तुळ संपतं न संपतं तोच दुसरं सुरू. या कायद्यातून सुटका कुणाला? ज्या राज्यात ती शाळा आहे त्या राज्याने परवाना दिलेल्या माणसाला. विनापरवाना बाळगायची मुभा म्हणजे परवाना नव्हे. एलटीसी खिशात असेल तर दूध आणायला जाताना हा हिशेब करावा लागत नाही.

दुसरं, परवाना असेल तर दुकानात पिस्तूल घेताना पार्श्वभूमी तपासणीसाठी ताटकळावं लागत नाही. ज्याचं नाव-आडनाव आणखी हजार जणांशी जुळतं त्याने एकदा ‘डिलेड’ हा शेरा अनुभवला की याची किंमत कळते. तिसरं, विद्यापीठाच्या इमारतीत लपवून नेण्याची मुभा फक्त परवानाधारकाला आहे. चौथं, शेजारच्या राज्यांत परवाना चालतो. त्याबद्दल पुढे येईलच.

कुणाला मिळत नाही

पात्रतेची यादी डीपीएसच्या संकेतस्थळावर आहे, ती सगळी इथे उतरवत नाही. वयाचा हिशेब २१ चा धरा. १८ ते २० वर्षांच्या मुलांबाबत न्यायालयांचे निकाल आले आहेत, पण तो विषय स्वतंत्र. मोठ्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला अर्थातच नाही. थकलेला राज्याचा कर किंवा मुलांच्या पोटगीची बाकी असेल तरीही नाही.

आपले लोक अडकतात ते दुसरीकडे. दारू पिऊन गाडी चालवल्याचा पहिला गुन्हा टेक्सासमध्ये छोट्या गुन्ह्यांतला ‘ब’ वर्गाचा, आणि ‘अ’ किंवा ‘ब’ वर्गाच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यापासून पाच वर्षं परवाना मिळत नाही. नुसता खटला चालू असला तरी तोपर्यंत नाही. पार्टीहून परतताना एकदा पकडला गेलेला माणूस हे विसरून अर्ज भरतो आणि मग नकाराचं पत्र आल्यावर आश्चर्य करतो.

घरगुती मारहाणीचा गुन्हा तर छोटा असला तरी संघराज्याच्या कायद्याने शस्त्रबंदी आणतो. भांडणात ढकलाढकली झाली, कुणी तरी ९११ फिरवलं, वकील म्हणाला ‘कबूल करून मोकळे व्हा’, आणि प्रकरण मिटलं असं वाटलं. ते या बाबतीत मिटलेलं नसतं.

आणि गांजा. कोलोरॅडोला फिरायला गेलात, तिथे कायदेशीर म्हणून दुकानातून गमीज (गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्या) आणल्या, अधूनमधून घेताय. संघराज्याच्या लेखी गांजा अजून बेकायदाच आहे आणि तो घेणाऱ्याला शस्त्र बाळगता येत नाही. दुकानात पिस्तूल घेताना ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्यात हा प्रश्न स्पष्ट शब्दांत आहे. त्याच फॉर्मवर नागरिकत्वाचाही प्रश्न आहे. ग्रीनकार्डवाल्याने तिथे नागरिक म्हणून खूण केली तर बंदुकीचं राहू द्या, पुढे नागरिकत्व मिळण्याचंच वांधं होऊन बसेल. सावकाश वाचा, काउंटरवरचा माणूस घाई करत असला तरी.

कोर्स आणि रेंज

पहिली पायरी, डीपीएसने मान्यता दिलेला प्रशिक्षक शोधणं. वर्ग चार ते सहा तासांचा. शस्त्राचे कायदे, बळाचा वापर कधी करता येतो, भांडण हातघाईवर न जाऊ देता कसं मिटवायचं, आणि घरात लहान मुलं असताना पिस्तूल कुठे ठेवायचं, एवढे विषय असतातच. वर्गाचा भाग आता ऑनलाइनही करता येतो, रेंजचा भाग मात्र प्रत्यक्षच. मी म्हणेन वर्गातच बसा. प्रश्न विचारता येतात, आणि बळाच्या वापराचा तास तर तोंडी प्रश्नोत्तरांशिवाय डोक्यात शिरत नाही. ‘चोर पळतोय, पाठीत मारली तर?’ असं कुणीतरी हटकून विचारतं, आणि प्रशिक्षक त्यावर जे अर्धा तास बोलतो त्यात कोर्सचे सगळे पैसे वसूल होतात.

रेंजची परीक्षा ५० फैरींची. ३ यार्डांवरून २०, ७ यार्डांवरून २०, १५ यार्डांवरून १०. प्रत्येक गोळीला जास्तीत जास्त ५ गुण, एकूण २५०, उत्तीर्ण व्हायला १७५. समोर माणसाच्या छायाकृतीचा मोठा कागद असतो. ३ यार्ड म्हणजे आपल्या हॉलमधला सोफा ते टीव्ही एवढंच अंतर. भीती वाटते तेवढी परीक्षा अवघड नाही, पण ज्याने आयुष्यात कधी पिस्तूल धरलेलं नाही त्याने थेट परीक्षेला जाऊ नये. आधी एखाद्या प्रशिक्षकाबरोबर तास-दोन तास घ्या.

जाताना बंद गळ्याचा, साधा टीशर्ट घाला. हे कुणी सांगत नाही. अर्धस्वयंचलित पिस्तुलातून झाडलेल्या गोळीचं रिकामं काडतूस उजवीकडे उडतं, भिंतीला लागून परत येतं, आणि ते चांगलंच तापलेलं असतं. मोकळ्या गळ्यातून आत गेलं की माणूस भरलेलं पिस्तूल हातात धरून नाचायला लागतो, आणि त्याच्या आजूबाजूचे सगळे जमिनीवर. पायात बूट घाला, चपला नकोत. कानाला मफ्स, आणि इनडोअर रेंज असेल तर त्याखाली फोमचे बोळेही. चापावर बोट कधी ठेवायचं? नेम धरला, झाडायचं ठरलं, तेव्हा. तोवर बोट सरळ, चौकटीवर टेकलेलं. प्रशिक्षक ह्याच एका गोष्टीवर ओरडत राहील, आणि त्याने ओरडावंच. रेंजहून आल्यावर काही खाण्याआधी साबणाने हात धुवा, शिशाचे कण हाताला लागतात.

उत्तीर्ण झालात की प्रशिक्षक एलटीसी-१०० नावाचं प्रमाणपत्र देतो.

अर्ज

हा भाग कंटाळवाणा पण सोपा आहे. डीपीएसच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, ४० डॉलर भरायचे, आणि तिथूनच बोटांच्या ठशांसाठी आयडेंटोगोच्या केंद्रावर वेळ घ्यायची. ठशांचे पैसे वेगळे. मग प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि ग्रीनकार्डवाल्याने कायदेशीर वास्तव्याचा पुरावा अपलोड करायचा. पासपोर्ट, ग्रीनकार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स यांवर नाव एकसारखं आहे का ते आधी बघा. वडिलांचं नाव कुठे मधलं नाव, कुठे गायब, कुठे आडनावाच्या आधी चिकटलेलं, हा आपला खास मराठी घोळ, आणि अर्ज रेंगाळण्याचं ते हमखास कारण. टेक्सासच्या ड्रायव्हिंग लायसन्सशी अक्षरनअक्षर जुळवा. कागद पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांत निर्णय द्यायची खात्यावर मुदत आहे.

पाट्या

परवाना हातात आल्यावर खरं काम सुरू होतं, कारण टेक्सासमध्ये खासगी जागेचा मालक तुम्हाला दारातच अडवू शकतो, आणि त्यासाठी त्याला माणूस उभा करावा लागत नाही. पाटी पुरते. दारावर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, इंचभर उंचीच्या अक्षरांत, कायद्याचा मजकूर छापलेला असतो. ३०.०६ म्हणजे परवानाधारकाने लपवून आणायचं नाही. ३०.०७ म्हणजे परवानाधारकाने उघडपणे लावून यायचं नाही. ३०.०५ ही पाटी परवाना नसलेल्यांसाठी. तेव्हा नुसती ३०.०५ असेल तर एलटीसीवाला आत जाऊ शकतो. ३०.०६ आणि ३०.०७ या दोन्ही मोठ्या पाट्या काचेच्या दारावर आजूबाजूला चिकटवलेल्या दिसल्या की समजायचं, पिस्तूल गाडीत. चुकून गेलात तर २०० डॉलरपर्यंत दंड. पण तोंडी ‘बाहेर जा’ म्हटल्यावरही थांबलात तर गुन्हा ‘अ’ वर्गाचा होतो.

बारच्या दारावर लाल रंगात ‘५१%’ दिसेल. ज्या जागेचं निम्म्याहून जास्त उत्पन्न तिथेच पिण्याच्या दारूचं आहे ती जागा, आणि तिथे परवानाधारकालाही सक्त मनाई. जेवणाच्या हॉटेलात दारू मिळत असली तरी सहसा ही पाटी नसते. मात्र पिऊन तर्र असताना सार्वजनिक जागी पिस्तूल बाळगणं हाच वेगळा गुन्हा आहे. माझा नियम सोपा आहे: ज्या संध्याकाळी ग्लास हातात येणार त्या संध्याकाळी पिस्तूल घरी.

पाटी असो वा नसो, न्यायालय, मतदान केंद्र, तुरुंग, व्यावसायिक सामन्यांची मैदानं, विमानतळाचा तपासणीपलीकडचा भाग इथे नेता येत नाही. संघराज्य सरकारच्या इमारतींतही नाही. यात आपलं यूएससीआयएसचं, म्हणजे इमिग्रेशनचं, ऑफिसही आलं, हे मुद्दाम सांगतो.

शाळेबद्दल मात्र जरा थांबू या. वर म्हटलं की एलटीसी असेल तर शाळेच्या १,००० फुटांच्या हद्दीतून जाता येतं. शाळेच्या इमारतीत जाता येत नाही. आणि मराठी मंडळाचा गणपती, दिवाळीचा कार्यक्रम, नाटकाचा प्रयोग कुठे होतो? पुष्कळदा भाड्याने घेतलेल्या शाळेच्या सभागृहात. रविवार असो, शाळा बंद असो, इमारत शाळेचीच. तिथे पिस्तूल नेणं हा तिसऱ्या श्रेणीचा मोठा गुन्हा, शिक्षा दोन ते दहा वर्षं. कुर्त्याखाली पिस्तूल लावून आरतीला उभा राहिलेला माणूस आपण काही वावगं करतोय असं समजतही नसेल. पार्किंगमध्ये गाडीत ठेवून जाता येतं, कारण टेक्सासच्या व्याख्येत आवार म्हणजे इमारत, पार्किंग नव्हे. त्याहून बरं म्हणजे त्या दिवशी नेऊच नका. देवळात नेण्यावर सरसकट बंदी नाही, पण विश्वस्तांनी पाटी लावली असेल तर ती पाळायची, आणि लावलेली नसली तरी एकदा विचारून घेण्यात कमीपणा नाही.

ऑफिसबद्दल: पार्किंगमध्ये कुलूपबंद गाडीत ठेवायला बहुतेक खासगी मालकांना मनाई करता येत नाही, २०११ पासून तसा कायदा आहे. इमारतीच्या आत कंपनीचं धोरण चालतं, आणि ते कर्मचारी पुस्तिकेत असतं. वाचलेलं नसेल तर वाचा.

गाडी अडवली तर

टेक्सासमध्ये पिस्तूल जवळ असताना पोलिसाने ओळखपत्र मागितलं तर परवानाधारकाने ड्रायव्हिंग लायसन्सबरोबर एलटीसीही दाखवावं, असा नियम आहे. दोन्ही एकाच कप्प्यात ठेवा. गाडी बाजूला घ्या, काच खाली, रात्र असेल तर आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मग आधी तोंडाने सांगा: माझ्याकडे एलटीसी आहे, पिस्तूल उजव्या कमरेला आहे, पाकीट मागच्या डाव्या खिशात आहे, काढू का? ‘आय हॅव अ गन’ अशी सुरुवात नको. पोलीस तपासणीपुरतं पिस्तूल ताब्यात घेऊ शकतो आणि जाताना परत देतो. देऊ द्या, मदत करायला हात पुढे करू नका. आपल्याला बोलताना हातवारे करायची सवय असते, ती तेवढी पाच मिनिटं आवरा.

गाडीत पिस्तूल दिसेल असं ठेवायचं असेल तर ते होल्स्टरमध्ये हवं. रात्रभर गाडीत ठेवून झोपू नका. चोरीला जाणाऱ्या कितीतरी बंदुका गाड्यांतूनच जातात.

घरातली माणसं

१७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागेल असं निष्काळजीपणे ठेवणं हा टेक्सासमध्ये गुन्हा आहे, आणि त्यातून मुलाने गोळी झाडून कुणी मेलं किंवा गंभीर जखमी झालं तर शिक्षा वाढते. म्हणून तिजोरी घ्याच. कपाटाचा वरचा खण म्हणजे तिजोरी नव्हे. लाडूचा डबा कुठेही लपवला तरी मुलांना सापडतो, तसंच हे. मुलं मित्राकडे राहायला जाणार असतील तर त्या घरात बंदूक आहे का, असल्यास कुलपात आहे का, हे विचारायची इथे पद्धत आहे. विचारा, कुणी रागावत नाही.

आता एक गोष्ट, जी कोर्समध्ये सांगत नाहीत कारण तिथल्या बहुतेकांना तिची गरज नसते. सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा बी-२ व्हिसावर असतात. व्हिसावरच्या माणसाच्या ताब्यात शस्त्र देणं हाही संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. तुम्ही दोघं ऑफिसला, बाबा घरी एकटे, आणि ‘काही झालं तर असू द्या’ म्हणून तिजोरीचा आकडा त्यांना सांगितलेला. हे करू नका. नवरा ग्रीनकार्डवर आणि बायको अजून व्हिसावर, किंवा उलट, अशी घरंही आपल्यात आहेत. तिथेही आकडा एकाच्याच डोक्यात हवा. नवराबायकोत लपवाछपवी कसली, असं वाटेल. कायदा तसा विचार करत नाही.

घरात कुणी नैराश्यातून जात असेल तर पिस्तूल काही काळ घराबाहेर ठेवा. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात.

राज्याची हद्द ओलांडताना

ओक्लाहोमा, लुइझियाना, आर्कान्सा इथे टेक्सासचा परवाना चालतो, पण कुठे नेता येतं याचे नियम त्या त्या राज्याचे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी इथे तो चालत नाही. भाच्याच्या मुंजीला न्यू जर्सीला गाडीने निघालात आणि पिस्तूल कमरेला तसंच राहिलं, तर एडिसनला पोहोचेपर्यंत तुम्ही तिथल्या कायद्याने गुन्हेगार. १९८६ च्या कायद्याने प्रवासात न्यायची सोय आहे, पण रिकामं करून, डिकीत कुलपात, आणि जिथून निघालात व जिथे चाललात त्या दोन्ही ठिकाणी बाळगणं कायदेशीर असेल तरच.

तिकडे राहणाऱ्यांसाठी एवढंच की परवाना आता मिळतो, पण वाट लांबची. इलिनॉयमध्ये आधी फॉइड कार्ड (बंदूक बाळगणाऱ्याचं ओळखपत्र), मग १६ तासांचं प्रशिक्षण आणि १५० डॉलर. कॅलिफोर्नियात पहिल्या अर्जाला किमान १६ तासांचा कोर्स, परवाना दोन वर्षांचा. न्यूयॉर्कमध्ये १६ तास वर्ग आणि २ तास प्रत्यक्ष गोळीबार. न्यू जर्सीत परवाना दोन वर्षांचा आणि शुल्क २०० डॉलर. टेक्सासवाल्यांनी आपल्या ४० डॉलरबद्दल कुरकुर करू नये.

विमानाने न्यायचं असेल तर रिकामं करून, टणक कुलूपबंद पेटीत, चेक-इनच्या सामानात, काउंटरवर सांगून. हातातल्या बॅगेत विसरणारे कमी नाहीत. २०२३ मध्ये अमेरिकेच्या विमानतळांवर तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या आणि त्यातल्या सुमारे ९३ टक्के भरलेल्या होत्या. दंड हजारो डॉलरचा, शिवाय प्रीचेक, म्हणजे झटपट तपासणीची सवलत, जातं.

भारतात जाताना पिस्तूल कुणी नेत नाही, पण काडतूस जातं. रेंजवर वापरलेली पाठपिशवी दिवाळीच्या प्रवासाला काढली, तळाच्या शिवणीत एक गोळी अडकून राहिली, इथल्या तपासणीत सुटली, आणि परतताना मुंबईच्या विमानतळावर यंत्रात दिसली. मग शस्त्र कायद्याखाली गुन्हा, विमान चुकलेलं, आणि ‘मला माहीतच नव्हतं’ हे पटवून देण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत खेटे. असे गुन्हे रद्द झाल्याची उदाहरणं आहेत, पण त्यात महिने जातात आणि तोवर नोकरीवर परतायचं अवघड होतं. रेंजची पिशवी वेगळी ठेवा, ती दुसऱ्या कशालाही वापरू नका.

पहिला परवाना चार वर्षांनंतरच्या वाढदिवसाला संपतो, पुढचे पाच-पाच वर्षांचे. नूतनीकरणाला पुन्हा कोर्स नाही, रेंज नाही, फक्त ऑनलाइन अर्ज आणि ४० डॉलर. मधल्या काळात घर बदललंत तर ३० दिवसांत डीपीएसला पत्ता कळवावा लागतो. ड्रायव्हिंग लायसन्सचा पत्ता बदलला म्हणजे ह्याचाही बदलला असं धरून चालू नका, दोन्ही नोंदी वेगळ्या तपासा.